सातशे बारा नंबरची तुतवार

भाट्याच्या खाडीकडेला राहणाऱ्या भागोजी भाटकराच्या अंगाला मुशीच्या तेलाचा वास येतो, यात नवल ते काय? ज्याने जन्मभर मचवे बांधले, त्याच्या अंगाला काय अत्तराचा वास यायचा आहे? मुशी म्हणजे तो दातवाला मोठा मासा. त्याच्या काळजाचं तेल काढायचं, होडीच्या फळ्यांना पोटभर पाजायचं, वर राळेचा हात द्यायचा, की खारं पाणी आणि लाकूड खाणारा किडा, दोघांनीही हात टेकले. भागोजीच्या आज्याने हेच केलं, बापाने हेच केलं, भागोजीनेही हेच केलं. पार जयगडापर्यंत त्याच्या हातच्या होड्या फिरल्या आणि एकीनेही मालकाला दगा दिला नाही.

नवल आहे ते पुढेच. लाकडी होड्या गेल्या, फायबरच्या आल्या, भागोजीचा वाकस नि रंधा पेटीत गेला, तरी वास काही जाईना. मे महिना संपायला आला की त्याच्या परसातल्या मांगरातून, म्हणजे खोपटातून, दरवर्षी तो दर्प सुटायचाच. शेजारच्या गोदूबाईची जीभ म्हणजे अडकित्ता. ती एकदा कुंपणावरून ओरडली, "भागोजी, तुझ्या मांगरात मुशी बाळंत झाली की काय रे?" आणि तोंडातून शब्द गेल्यावर तिला आठवलं. तिने पदर तोंडाला लावला नि मुकाट घरात गेली. गोदूबाई बोलता बोलता गप्प झाली, असं भाट्यात त्याआधी कोणी पाहिलेलं नव्हतं.

मांगरात भागोजीच्या लेकीची होडी होती. लेक नव्हती.

आता होडी म्हटल्यावर लगेच डोळ्यांपुढे मचवा आणू नका, नाहीतर सगळाच घोटाळा व्हायचा. ही शर्यतीची होडी. दोन माणसांची, चपट्या पोटाची, दोन शिडांची. पोटात एक उभी पेटी आणि त्या पेटीतून खाली पाण्यात सरकवायची एक लोखंडी फळी. नव्वदएक वर्षांपूर्वी कोणा गोऱ्याने ती कागदावर काढली, आणि तेव्हापासून जगात कुठेही बांधा, त्याच मापाने बांधायची असा दंडक. मुंबईच्या क्लबातले लोक तिला स्नाइप म्हणतात. मोठ्या शिडावर लांब चोचीचा एक पक्षी, आणि खाली होडीचा नंबर. पक्षी पाहून भागोजी म्हणाला, "ही तर आपली तुतवार!" खाडीच्या चिखलात शेपूट हलवत पळते ती. पक्ष्यांतले जाणकार म्हणतील की हा पक्षी वेगळा, म्हणोत बापडे. भाट्यात ती तुतवारच झाली. नंबर सातशे बारा.

लेकीचं नाव वैष्णवी. एकुलती एक, आणि तीही भागोजीच्या बायकोने, गंगाबाईने, नवस बोलून बोलून देवांना वीट आणला तेव्हा झालेली. ती जन्मली तेव्हा भागोजी जयगडला मचव्याच्या कामावर होता. मालकाला होडी पावसाआधी हवी होती, काम सोडून येता आलं नाही. लेक बापाला दिसली तेव्हा ती पालथी पडून मान उचलायला लागली होती. तिला पायांवर घेऊन तेल चोळायचं, शेक द्यायचा, दृष्ट काढायची, ते सगळं गंगाबाईनेच केलं. भागोजीने उंबऱ्यातून हात पुढे केला तेव्हा बायको म्हणाली, "ते राळेचे हात धुवा आधी." तो हात धुऊन येईस्तोवर पोर झोपली होती.

कॉलेजात गेल्यावर वैशूने एनसीसीच्या नौदलाच्या तुकडीत नाव घातलं आणि तिथे तिला झारा भेटली. झारा खाडीपलीकडच्या राजिवड्याची. तिचा बाप गलबतावरचा तांडेल, म्हणजे पाणी दोघींच्याही रक्तातच. वैशू सुकाणूवर, झारा पुढच्या शिडावर. एकीने 'आता' म्हणायचं आणि दुसरी त्याआधीच वळलेली असायची. दोघी मुंबईला क्लबाच्या शर्यतींना गेल्या, हरल्या, रडल्या, पुन्हा गेल्या, आणि एकदा जिंकून आल्या. तिथल्या एका म्हाताऱ्या सभासदाचे गुडघे गेले होते. त्याने आपली लाकडी स्नाइप या दोघींच्या पदरात टाकली. मुंबईला आंबा पोचवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोतून ती भाट्यात आली, आणि अर्धा गाव बघायला जमला.

भागोजीने तिच्याभोवती फेरी मारली. बोटाने टकटक करून पाहिलं. खाली वाकून पोट पाहिलं.

"हिला खिळे कुठायत?"

"फारसे नायत बाबा. सगळे सांधे डिंकावर आहेत."

"डिंकावर? होडी आहे की पाकीट?"

लोक हसले. वैशूही हसली. पण तिने बापाला हाताला धरून त्या होडीचं सगळं समजावलं. "जगातल्या सगळ्या स्नाइप सारख्या, बाबा. लांबी तीच, रुंदी तीच, शीड तेच. मग फरक उरला कशाचा? आत बसलेल्या माणसाचा. हरलो तर होडीला बोल लावायचा नाय. हरलं ते माणूस."

भागोजीला हे काही पटलं नाही. दोन सख्खे भाऊ सारखे नसतात, तिथे दोन होड्या कशा सारख्या असतील? पण संध्याकाळी पोरी खाडीत शिडं उभारायच्या, तेव्हा हा गडी तंबाखू आणायला म्हणून निघायचा नि भाट्याच्या पुलावर जाऊन उभा राहायचा. तंबाखूचं दुकान पुलाच्या उलट्या दिशेला आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

आणि त्या पहिल्या मे महिन्यात ती गोष्ट झाली. पावसाआधी होडी मांगरात चढवली, माडाच्या झापांनी झाकायची तयारी झाली, आणि भागोजी तेलाचा डबा घेऊन आला. वैशूने धावत येऊन त्याचं मनगट पकडलं.

"बाबा, हिला तेल नका लावू हां. अजिबात नाय."

"का गो? वास येतो?"

"येतोच की! महिनाभर माझ्या केसांना येईल!" ती खदाखदा हसली. तेवढ्यात रस्त्यावरून झाराने स्कूटरचा भोंगा वाजवला आणि वैशू ओढणी सावरत पळाली. पुढे काही सांगायचं होतं का तिला? असेल. पण तेव्हा दोघांपाशीही वेळच वेळ होता. पोरीला वास नको, एवढी एक गाठ भागोजीने मनाशी मारली आणि डबा परत फळीवर ठेवला.

झाराचं लग्न झालं, ती नवऱ्याबरोबर, नबीलबरोबर, दोह्याला गेली. वैशू एकटी उरली, तरी एनसीसीच्या नव्या पोरींना घेऊन तुतवार काढायची. मग एका पावसाळ्यात ती भातलावणीला मामाच्या शेतात गेली, चिखलात उतरली, पायाला जखम होती. परतली ती ताप घेऊनच. आधी साधा ताप वाटला. मग डोळे पिवळे झाले. लेप्टो नावाचा ताप आहे असं डॉक्टर म्हणाले, त्यांनी करायचं ते सगळं केलं, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. नारळी पौर्णिमेचा दिवस होता. गाव वाजतगाजत खाडीत नारळ सोडायला चाललं होतं आणि भागोजीच्या अंगणात बांबू बांधत होते. वाजंत्री घराजवळ आली तेव्हा कोणीतरी हात वर केला आणि ताशा थांबला. ती शांतता भागोजीला अजून ऐकू येते.

पुढचा मे आला. तुतवार मांगरात कोरडी पडली होती. लाकूड तडकतं की काय, ही त्याला धास्ती. त्याने डबा उघडला आणि मग हात आखडला. वैशू नको म्हणाली होती. वास येतो म्हणाली होती. पण आता कोणाच्या केसांना वास लागायचा होता? भागोजी तिथेच भुईवर बसला आणि त्या वर्षात पहिल्यांदा मोठ्याने रडला. मग उठून त्याने फडकं तेलात बुडवलं आणि नाळेपासून, होडीच्या पुढच्या टोकापासून, सुरुवात केली. आत, बाहेर, सांध्यासांध्यात, पेटीच्या कानाकोपऱ्यात, लाकूड पिईल तितकं त्याने पाजलं. गंगाबाई दारात येऊन बसली. तिने थांबवलं नाही. दरवर्षी मग हेच चाललं. बापाच्या हाताला लेकीसाठी करायला दुसरं काय उरलं होतं, सांगा.

गेल्या दिवाळीत झारा सुट्टीवर आली आणि तडक भाट्यात आली. गंगाबाईच्या गळ्यात पडून आधी रडून झालं. मग डोळे पुसून तिने भागोजीसमोर बसकण मारली.

"काका, क्लबाच्या शर्यती यंदा इथे आहेत. आपल्या भाट्याच्या किनाऱ्यावर, जानेवारीत. एक शर्यत फक्त लाकडी स्नाइपची, जुन्या होड्यांना निरोप म्हणून. पुढच्या वर्षीपासून सगळा ताफा फायबरचा. सातशे बारा उतरवायची."

"आणि बसणार कोण?"

"सुकाणूवर मी. पुढे तुम्ही."

"मी? खूळ लागलं काय तुला? माझं काम लाकडाचं. बसायचं काम तुमचं."

"वैशूने किती वेळा बोलावलं तुम्हाला? एकदा तरी बसलात?" झाराने विचारलं. मग तीच पुढे म्हणाली, "नंबर दुसऱ्या होडीवर लावता येत नाही, काका. नंबर त्या होडीचा असतो, शिडाचा नाही. होडी उतरली तरच सातशे बारा दिसणार. ही एकच वेळ आहे."

एवढंच होतं. लेकीचा नंबर तिच्या खाडीसमोर, तिच्या गावासमोर, एकदा वाऱ्यावर उभा राहायचा होता. भागोजीला आयुष्याकडून आणखी काही मागायचं नव्हतं. तो ताडकन उठला आणि मांगराकडे चालू लागला, पोरगी पाठीमागून येते आहे की नाही, हेही त्याने पाहिलं नाही.

त्याने झापं बाजूला केली, ती अशी ऐटीत की बघत राहावं. लाकूड तुकतुकीत, कुठे बुरा नाही, कीड नाही, तडा नाही. "बघ! दरवर्षी पोटभर तेल पाजलंय."

झाराने होडीवर तळहात ठेवला. तळहात ओला होऊन वर आला. तिने तो सावकाश ओढणीला पुसला आणि पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

"किती सांभाळलीत हो, काका," ती म्हणाली आणि तोंड फिरवून रडायला लागली. भागोजीला वाटलं, वैशूच्या आठवणीने रडते आहे. ते होतंच. पण तेवढंच नव्हतं.

लोखंडी फळीच्या पेटीच्या बुडाशी एक सांधा सुटला होता. झाराने मुंबईहून दोन डब्यांतून मिसळायचा तो नवा डिंक मागवला. भागोजीने तुकडा असा बसवला की नखाला फट लागू नये. डिंक भरला, शिकंजे आवळले, रात्रभर ठेवलं. सकाळी शिकंजा सैल केला, बोटाने टिचकी मारली, आणि तुकडा भुईवर पडला. लाकडावर डिंकाचा डागसुद्धा नव्हता. पुन्हा घासलं, पुन्हा चिकटवलं. पुन्हा तेच.

"हे असं का होतंय गो?"

झारा काठीने उरलेला डिंक ढवळत राहिली.

"झारा बाय, मी तुला विचारतोय."

"लाकूड तेल प्यायलंय, काका. तेलकट लाकडाला हा डिंक धरत नाही." ती अगदी हळू बोलली. मग घाईघाईने म्हणाली, "पण तुम्हाला कुठे माहीत होतं?"

भागोजीच्या होड्यांत डिंकाचा थेंब नसायचा. खिळा, कापूस, राळ, तेल. तेल हे होडीचं औषध, हेच त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. औषधानेच कोणी मरतं, हे त्याला कोण सांगणार? तो हळूहळू खाली बसला.

"सांगितलं होतं तिने," तो म्हणाला. "नका लावू म्हणाली होती. मला वाटलं, वासापायी."

बाहेर गंगाबाई तांदूळ निवडत होती, तिचा सुपातला हात थांबला.

पण गप्प बसला तर तो भागोजी कसला! दुसऱ्या दिवशी त्याने कळीच्या चुन्याची पोती आणली. चुना फासला, उन्हात होडी तापवली, चुन्याने तेल ओढलं की खरवडायचं, नवा फासायचा. धुण्याच्या सोड्याचं कढत पाणी ओतलं. गंगाबाईने भाताचा कोंडा कढईत भाजून गरम गरम फडक्यात बांधला आणि नवऱ्याच्या जोडीने लाकूड शेकायला बसली. दोघांच्याही बोटांची सालटी निघाली. नबील सुट्टी संपून दोह्याला गेला. झारा राहिली, आणि तिच्या सासरी त्यावरून काय बोलणी झाली ती तिने इथे कोणाला सांगितली नाहीत. शेवटी एक दिवस डिंक धरला. भागोजीने टिचकी मारली, मग मूठ मारली, मग मोगरीने हळूच ठोकलं. तुकडा हलला नाही. म्हातारा पोरासारखा गंगाबाईला हाका मारत सुटला.

मग काय, तालमी सुरू झाल्या. ओट्याच्या कठड्यावर भागोजी पुढे, झारा मागे. झारा म्हणायची, "आता!" आणि भागोजीने शिडाच्या नसलेल्या काठीखालून डोकं वाकवून दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचं. पहिल्यांदा तो तुळशीवृंदावनात जाऊन पडला. गोदूबाई कुंपणाशी उभी राहून पोट धरून हसली. "भागोजी, म्हातारपणी माकडाचा खेळ शिकलास रे!" "तू ये की, तुझ्या वजनाने होडी तरी स्थिर राहील!" त्याने उलट ठोकून दिलं. वैशू गेल्यापासून भागोजीने कोणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. गोदूबाई हसत घरात गेली आणि आत जाऊन तिने देवाला हात जोडले. गंगाबाईने ट्रंकेतून वैशूची पांढरी टोपी काढली, मागची पट्टी सैल केली आणि नवऱ्याच्या डोक्यावर घातली. टोपी थोडी घट्टच बसली.

शर्यतीच्या दिवशी भाट्याच्या सुरूच्या बनात नुसती जत्रा. गाड्यांवरून होड्या उतरत होत्या, पोरं शिडं ओढत होती, वडापाववाल्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. क्लबातर्फे होड्या तपासायला निलेश नावाचे एक मधल्या वयाचे गृहस्थ आले होते. माणूस भला. त्यांनी सातशे बारा पाहिली आणि टोपी काढली. "वैष्णवीची ना? मी हरलोय हिच्याकडून."

होडी काट्यावर चढवली. काटा बघून निलेश थबकले.

"बरीच जड झाली आहे," ते म्हणाले. "पण चालेल. हलकी असली तर अडवतो आम्ही, जड असली तर बंदी नाही. मागे पडेल, इतकंच."

"मागे पडू दे, साहेब!" भागोजी ओरडलाच. "शेवटची येऊ दे. नुसती फिरून येऊ दे."

डोलकाठी उभी केली. तारा ताणल्या. मोठं शीड वर चढलं, लांब चोचीचा पक्षी वाऱ्यात फडफडला, खाली सात, एक, दोन. किनाऱ्यावरच्या भाट्येकरांनी टाळ्या वाजवल्या. गंगाबाईने वाळूत बसून दोन्ही हात तोंडावर घेतले. गुडघाभर पाण्यात होडी सोडली, झारा सुकाणूवर बसली, भागोजीने पाय उचलून आत टाकला. जन्मात पहिल्यांदा तो लेकीच्या होडीत बसला.

होडीभोवती पाण्यावर तेलाचे रंग पसरायला लागले होते. ते आधी झाराला दिसले. मग वाऱ्याचा एक झोत आला, शीड भरलं, तारांना ताण बसला, आणि आतून कुठूनतरी 'टक्' असा आवाज झाला. मोठा नव्हता. सुपारी फुटल्यासारखा. भागोजीच्या पायांना पाणी लागलं. त्याने खाली पाहिलं तर पेटीच्या बुडाशी आणि पुढे डोलकाठीच्या पायाशी, दोन्हीकडून पाणी येत होतं.

निलेश पाण्यात शिरले. त्यांनी अंगठ्याने एकेक सांधा दाबून पाहिला. दाबला की उचलायचा.

"काका, हिला सोडता येणार नाही."

"कापूस ठासतो. राळ आहे माझ्याकडे. जरा थांबा."

"एक सांधा नाही हो. तेल आतपर्यंत गेलंय, सगळीकडचाच डिंक सुटलाय. मधे खाडीच्या तोंडाशी उघडली तर तुम्ही दोघं जाल." मग त्यांनी बोटांना लागलेलं तेल हुंगलं आणि साध्याच सुरात विचारलं, "अशा होडीला हे तेल कोणी लावलं?"

"आम्हीच," झारा पटकन म्हणाली. "मी आणि वैष्णवीने. तेव्हा माहीत नव्हतं." आणि होडीच्या काठाआड तिने भागोजीचा हात घट्ट दाबला.

भागोजीने हात सोडवून घेतला. टोपी काढली.

"खोटं बोलते ती, साहेब. माझ्या पोरीने नाय लावलं. ती नको म्हणाली होती. तिला सगळं ठाऊक होतं." तो बोलत राहिला. "मी लावलं. दरवर्षी मीच लावलं. होडीला बोल नको. हरलो तो मी."

निलेशनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने ते झाराला म्हणाले की, नंतरच्या शर्यतीसाठी क्लबाची एक फायबरची होडी रिकामी आहे, हवी तर घे. झारा मान हलवून नाही म्हणाली. तेव्हा भागोजी तिच्यावर खेकसला, "जा मुकाट! तिच्या जागी तू तरी जा. इथे माझं तोंड बघत बसू नको." मग ती गेली. डोळे पुसत गेली, कोणा अनोळखी मुलीला पुढच्या शिडावर घेऊन.

ती नंतरची शर्यत सुरू झाली. सगळी शिडं एकाच मापाची, सगळ्यांवर तोच लांब चोचीचा पक्षी. भागोजी सुरूच्या बुंध्याशी उभा राहून एकेक शीड निरखत होता. सातशे बारा त्यात नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? ती मागे त्याच्या पाठीशीच वाळूत आडवी पडली होती. तरी होड्या वळल्या की तो मान पुढे काढायचा, नंबर वाचायचा, पुढच्या शिडाकडे बघायचा. सगळ्या परत येईपर्यंत तो वाचत राहिला. झारा कितवी आली, ते त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

संध्याकाळी भाट्यातल्या माणसांनी तुतवार खांद्यावर घालून घरी आणली. वजनाने वाकले, पण वाटेत कोणी खाली ठेवली नाही. मांगरात ठेवून ते एकेक करून निघून गेले. भागोजीने फळीवरचा तेलाचा डबा काढला आणि तो खाडीकडे चालू लागला.

"कुठे नेताय?" गंगाबाई अंगणात उभी होती.

"फेकतो. लेक मारली ती मारली देवाने, होडी मी मारली."

"द्या इकडे."

"गंगे, बाजूला हो."

"द्या म्हणते ना!" तिने डबा त्याच्या हातातून ओढून घेतला, त्याचं मनगट धरलं आणि त्याला मांगरात आणलं. आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिने तेलात बुडवली आणि त्याच्या हातात ठेवली. "तान्ही होती तेव्हा रोज मीच तेल लावलं. तुम्हाला मिळालं नाय. ही एवढी वर्षं लावलंत ते काय होडीला लावलंत? मला काय कळत नव्हतं? लावा आता पोटभर. आता तिला कुणाला मोजून दाखवायची नाय."

भागोजी फडकं धरून उभाच राहिला. मग तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने नाळेपासून सुरुवात केली. त्याला समोरचं दिसत नव्हतं, नुसता हात चालत होता. गंगाबाई होडीच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि तिने नुसत्या तळव्याने तेल जिरवायला घेतलं. वैशू, वैशू, असं मधूनच भागोजीच्या तोंडून निघत होतं.

जानेवारीत असा वास कधी सुटत नसे. शेजारी गोदूबाई ताटावर बसली होती, तिला तो आला. सून खिडकी लावायला उठली, तर गोदूबाई म्हणाली, "असू दे गो. उघडी राहू दे."